पुन्हा मांडलेला पट

दवाखान्यात काही तक्रारी वेषांतर करून येतात. डोळ्यांची आग, मानेचा ताठरपणा, अंगठ्याच्या मुळाशी ठणका, मध्यरात्र उलटली तरी न येणारी झोप. सत्तरीत यांतील प्रत्येक तक्रारीला दहा कारणे असू शकतात आणि ती शोधावीच लागतात. हल्ली मात्र मी एका प्रश्नाची भर घातली आहे : "दुपारी आणि रात्री मोबाईलवर काय करता?" उत्तर देण्यापूर्वी बहुतेक जण सोबत आलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे एक दृष्टिक्षेप टाकतात आणि मग म्हणतात, "जरा लुडो खेळते." हा 'जरा' माझ्या चांगला परिचयाचा आहे, मधुमेही मंडळी 'जरासं गोड खाल्लं' म्हणतात, त्याचाच तो सख्खा भाऊ.

यांतील बहुसंख्य मंडळी या खेळाकडे नव्याने आलेली नाहीत, परतलेली आहेत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि अनेक घरांत नातवंडांनी आजी-आजोबांच्या हाती मोबाईल देऊन त्यावर 'लुडो किंग' उघडून दिला. नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ साली आणलेला हा खेळ त्या दिवसांत जणू घरोघरीचा झाला. नागपूरची बहीण, ठाण्याचा भाऊ आणि परदेशातील भाची एका पटाभोवती बसू लागली. पुढे दारे उघडली, भेटीगाठी सुरू झाल्या, पट मिटला गेला. आता काही वर्षांनी तो पुन्हा मांडला जात आहे आणि त्यामागची कारणे बहुधा सुखाची नसतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असते, जोडीदार गेलेला असतो, मुले दूरदेशी स्थिरावलेली असतात, किंवा ऐकू कमी येऊ लागल्याने कट्ट्यावरची बैठक हळूहळू टाळली जाऊ लागलेली असते.

७४ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण सांगतो. त्यांची ओळख पटणार नाही इतका तपशील बदलला आहे. पतीच्या दीर्घ आजारपणात त्यांचा हा खेळ सुटला होता. पती गेल्यानंतर काही महिन्यांनी धाकट्या बहिणीच्या आग्रहावरून त्यांनी तो पुन्हा सुरू केला. "पट तोच आहे डॉक्टर, पण त्याच्याभोवती बाजार भरलाय," हे त्यांचे शब्द. फिरवायचे चाक, रोजची भेट, नक्षीदार फासे, नावाभोवती झगमगती चौकट, आणि बहिणीच्या नावापुढे पुष्कळ पुढे गेलेली लेव्हल. "चाळीस वर्षं मी मुलांना गुण दिले. आता या वयात मला कोण गुण देतंय?" असे त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण मागे पडल्याची बोच त्या हसण्यात होती. रोजची भेट चुकू नये म्हणून त्या झोपेतून उठून मोबाईल पाहत. पायांवर सूज होती. रक्तदाब १७६/९८ भरला. थोडे खोदून विचारल्यावर कळले, की लघवीवाटे पाणी काढून टाकणारी सकाळची गोळी त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच बंद केली होती. गोळीमुळे डाव अर्ध्यावर टाकून उठावे लागते आणि वेळेत फासा टाकला नाही की पाळी जाते, हे त्यामागचे कारण.

सोबत आलेल्या मुलाचा त्रागा स्वाभाविक होता. "हे ॲप काढून टाका म्हणून तुम्हीच सांगा हिला," तो म्हणाला. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चार वाजता बहिणीचा आवाज ऐकू येतो, तेवढाच दिवसभरात."

ॲप काढून टाका, असे मी सांगितले नाही. त्याचे कारण समजण्यासाठी आपल्याला जुन्या सारीपाटापर्यंत जावे लागेल.

आपल्यापैकी अनेकांनी माजघरात कापडी पट अंथरून कवड्या किंवा फासे टाकले असतील. लुडो हे त्याच पचिशीच्या कुळातील, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बेतले गेलेले आणि पुढे आपल्याकडे परतलेले अपत्य. सारीपाटात चुरस कमी नव्हती. सोंगटी मारली गेली म्हणून दोन दिवस अबोला धरणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असत. परंतु त्या खेळाची एक रीत होती. डाव संपला, पट गुंडाळला, की सारे पुन्हा सारखे. काल कोणी किती जिंकले याची नोंद पटावर उरत नसे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या सोंगट्या आरंभाच्याच घरातून निघत. खेळ संपत असे, म्हणून माणसे उठून स्वयंपाकाला लागत.

ऑनलाइन खेळात डाव संपतो, पण हिशेब संपत नाही. डावामागून डाव नाणी साठतात, लेव्हल चढते, आणि ती सतत नावापुढे दिसत राहते. वास्तविक लुडोमध्ये दैवाचा वाटा फार मोठा आहे. आपल्याला वारंवार वाटते, की यंत्र मुद्दाम सहा पडू देत नाही. साधा हिशेब केला तर निर्दोष फासा लागोपाठ दहा वेळा टाकूनही एकदाही सहा न पडणे हे शंभरात सुमारे १६ वेळा घडणारच. ज्या खेळात दैव एवढे बलवान, तेथे वर्षभरात चढलेली लेव्हल कौशल्यापेक्षा आपण किती वेळ दिला हेच अधिक सांगते. बहीण पुढे गेली याचा अर्थ ती चांगली खेळली असा नसून ती अधिक बसली, एवढाच असू शकतो. बैठक वाढली याबद्दल मी डॉक्टर या नात्याने कोणाचे अभिनंदन करणे कठीण आहे.

मग माणूस त्या आकड्यामागे का धावतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की प्रत्येक वेळी बक्षीस मिण्यापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी कळ दाबण्याचे अधिक चिकाटीने चालू ठेवतो. फिरते चाक हा त्याच तत्त्वाचा रंगीत अवतार. दुसरी गोष्ट गमावण्याच्या भीतीची. दहा दिवस सलग भेट घेतल्यावर अकराव्या दिवशी ती चुकली तर आपले काही कमी झालेले नसते, तरीही नुकसान झाल्यासारखे वाटते. ज्येष्ठांच्या बाबतीत मला आणखी एक कारण दिसते. निवृत्तीनंतर 'तू पुढे गेलास' असे सांगणारे आयुष्यात कोणी उरत नाही. बढती नाही, पगारवाढ नाही. तब्येतीचे अहवाल तर बहुधा उलट्या दिशेने जाणारे. अशा वेळी रोज सायंकाळी कोणी तुतारी वाजवून 'तुमची पायरी वाढली' म्हणाले, तर मन त्याकडे वळणारच. यात हसण्याजोगे काही नाही.

म्हणूनच संमिश्र भावना घेऊन परतलेल्या वाचकांना माझे सांगणे असे : आपण माणसांसाठी परत आलो की पायऱ्यांसाठी, हे एकदा निवडून घ्यावे. माणसांसाठी आला असाल तर तो वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या १४ घटकांची यादी मांडली. तीत सामाजिक एकाकीपणा आहे, श्रवणदोष आहे आणि उपचार न केलेला दृष्टिदोषही आहे. लुडो खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो असे मात्र कृपया समजू नका; तसा दावा करणाऱ्या जाहिराती दिसल्या तर पान उलटावे. खेळाच्या निमित्ताने बहिणीशी तासभर बोलणे होते, यात खरा लाभ आहे.

त्या शिक्षिकाबाईंच्या बाबतीत आम्ही तिघांनी मिळून काही ठरवले. अनोळखी लोकांबरोबरचे डाव बंद. खेळायचे ते केवळ आप्तांबरोबर, संकेतांक देऊन उघडल्या जाणाऱ्या खासगी खोलीत. वेळ चारची, तीन डाव, मग फोन चार्जिंगला आणि बाई गच्चीवर फेरी मारायला. मुलाने ॲपच्या साऱ्या सूचना बंद करून दिल्या, त्यामुळे भेटीचे बोलावणे येईनासे झाले. गोळी पुन्हा सकाळी सुरू झाली. तिचा जोर दुपारपर्यंत ओसरतो, त्यामुळे चारच्या डावात अडथळा येत नाही. बहिणीला फोन करून त्यांनी स्वतःच सांगितले, की मला उठावे लागले तर थांबा, नाहीतर माझी पाळी गेली तरी चालेल. तीन आठवड्यांनी रक्तदाब १४२/८४ होता, सूज उतरली होती. लेव्हलचे दुःख पूर्ण गेले असे नाही. "बहीण अजून चिडवते," असे त्या म्हणाल्या.

यातील लघवीचा मुद्दा संकोचामुळे कोणी बोलत नाही, म्हणून थोडा थांबतो. खेळाच्या नादात लघवी रोखून धरणे, उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणे, आणि मग अगदी असह्य झाल्यावर घाईने स्नानगृहाकडे धावणे, ही साखळी ज्येष्ठांना महागात पडते. मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे तर त्याहून वाईट. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनी विशेष जपावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डावासाठी जेवण पुढे ढकलू नये. बाकीचे थोडक्यात सांगतो. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. अर्ध्या तासाने उभे राहावे, घोटे फिरवावेत. फोन हातात धरून अंगठ्याने खेळण्याऐवजी टेबलावर टेकवून तर्जनीने खेळावे. झोपण्याआधीचा तास पडद्याविना जावा.

आता काळजीवाहकांशी दोन शब्द. आई-वडील खेळतात म्हणून लगेच 'व्यसन' हा शब्द वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू आहे, खेळविकाराचा समावेश आहे. परंतु त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, हे चित्र साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. दुपारचे तीन डाव म्हणजे तो विकार नव्हे. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत एक डाव खेळा. खेळताना बरेच काही दिसते. वर्षानुवर्षे सराईतपणे खेळणारी व्यक्ती आपला रंग कोणता हे वारंवार विसरू लागली, पाळी कोणाची हे कळेनासे झाले, सोंगटी भलत्याच दिशेने मोजू लागली, तर ते थट्टेवारी नेऊ नका. दृष्टी, श्रवण आणि स्मरणशक्ती यांची तपासणी करवून घ्या.

एक गोष्ट डॉक्टरांनाही आवर्जून सांगावी लागते. कंपवाताच्या काही औषधांमुळे, विशेषतः प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गटातील गोळ्यांमुळे, काही रुग्णांत आवेग आवरण्याची शक्ती कमी होते. आजवर कधी पत्त्यालाही हात न लावलेले गृहस्थ रात्र-रात्र खेळू लागतात, पैसे लावू लागतात, अनावश्यक खरेदी करू लागतात. कुटुंब त्यांना दोष देते आणि ते स्वतः शरमेने लपवतात. औषध सुरू झाल्यानंतर किंवा त्याची मात्रा वाढल्यानंतर असा बदल दिसला तर मेंदुविकारतज्ज्ञांना तो स्पष्ट शब्दांत सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका. तसे करणे धोक्याचे असते.

राहता राहिला पैसा. खेळातील नाण्यांना बाजारात काडीचीही किंमत नसते. ती संपली म्हणून खऱ्या पैशाने विकत घेण्याचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी ॲपला बँकेचे कार्ड जोडलेलेच ठेवू नये, हे उत्तम. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. त्यामुळे 'तुमची नाणी रोख रकमेत बदलून देतो' किंवा 'लुडो खेळा आणि दररोज कमवा' असा संदेश आला, तर पलीकडे भामटाच आहे असे धरून चालावे. ओटीपी सांगू नये, पाठवलेली लिंक उघडू नये. पैसे गेलेच, तर घरच्यांच्या रागाच्या भीतीने दोन दिवस गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेत त्याच क्षणी कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक.