गुरुकिल्लीचा सोस

परवां आमच्या भाच्याच्या हातीं एक छापील कागद पाहिला. ‘पहिल्या पन्नास पाळ्यांत काय करावें’ असा त्याचा मथळा होता व खालीं बारीक अक्षरांत क्रमवार आज्ञा दिल्या होत्या. कागद परीक्षेचा नव्हता. ‘सिव्हिलायझेशन’ नांवाच्या संगणकीय खेळाच्या सहाव्या आवृत्तीचा होता. आधीं एक टेहळ्या तयार करा, मग दुसरा टेहळ्या तयार करा, अशीं त्यांतील पहिलीं दोन कलमें. चिरंजीवांनीं तीं शिरसावंद्य मानिलीं. दैवयोगानें त्यांची राजधानी वसली होती ती एका लहानशा बेटावर. पहिल्या टेहळ्यास चोहोंकडे समुद्र दिसूं लागला, तरी कागदाप्रमाणें दुसरा तयार झालाच. आणि थोड्याच पाळ्यांत ते दोघे वीर बेटाची प्रदक्षिणा आटोपून किनाऱ्यावर एकमेकांशेजारीं स्वस्थ उभे राहिले. “मामा, आतां काय करूं? कागदांत बेटाविषयीं कांहींच लिहिलेलें नाहीं,” असें चिरंजीवांनीं आम्हांस विचारलें. बेट डोळ्यांपुढें होतें. पण दृष्टि होती कागदावर.

ही गोष्ट पुष्कळांस क्षुल्लक वाटेल. मुलांनीं खेळांत वेळ दवडूं नये, एवढाच बोध तींतून काढणारी वडील मंडळीहि भेटेल. आमचा रोख तिकडे नाहीं. आमची तक्रार नेमकी उलट आहे. एक उत्तम खेळ घरांत आला असतां आपण तो गाइडें पाठ करण्याच्या रीतीनें खेळूं लागलों आहों, ही ती तक्रार. शालेय गाइडांच्या नांवानें आपण पालक वर्षभर बोटें मोडतों, आणि जून महिना उजाडला कीं तींच विकत आणतों. तो रोग आतां अभ्यासांतून खेळांत शिरला आहे. त्यालाच आम्ही गुरुकिल्लीचा सोस म्हणतों.

ज्या वाचकांचा या खेळाशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. सिड मायर व ब्रूस शेली यांनीं तो १९९१ सालीं अमेरिकेंत सिद्ध केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें त्याची सातवी मुख्य आवृत्ति निघाली. ख्रिस्तपूर्व ४००० च्या सुमारास मूठभर वसाहतकरी घेऊन आरंभ करावयाचा, नगर वसवावयाचें, शेती, लेखन, धातुकाम अशा विद्या एकामागून एक संपादावयाच्या, आणि शेजारच्या राष्ट्रांशीं सलोख्यानें, व्यापारानें किंवा युद्धानें वागत अर्वाचीन काळापर्यंत यावयाचें, असा त्याचा मूळ सांगाडा आहे. बुद्धिबळाप्रमाणें आपली पाळी आली म्हणजे शांतपणें विचार करून खेळावयाचें. बहुधा प्रत्येक डावास भूमि नवी असते. डोंगर, नद्या, शेजारी, सारें अनोळखी. आणि प्रत्येक पाळीस प्रश्न एकच: हातीं आहे तें थोडें, करण्याजोगें पुष्कळ, तर यांतील काय सोडावें? हा प्रश्न हाच या खेळाचा आत्मा होय. गुरुकिल्ली नेमका हाच प्रश्न खेळाडूच्या हातून काढून घेते.

या गुरुकिल्ल्यांची योग्यता आतां उदाहरणानें पाहूं. किती नगरें वसवावीं, हा नवशिक्यांचा नित्याचा प्रश्न. पहिल्या दोन आवृत्त्यांतील जाणते सांगत कीं, लहान लहान नगरें दाटीनें वसवीत सुटा. कारण नगर ज्या चौकोनावर बसे त्याचें उत्पन्न तेथें मनुष्य न राबवितां फुकट मिळे. २००५ सालच्या चौथ्या आवृत्तींत नगरांच्या संख्येबरोबर आणि राजधानीपासूनच्या अंतराबरोबर राज्यखर्च वाढूं लागला, आणि अशा हावऱ्या वसाहतकाराचा खजिना रिता होऊं लागला. २०१० च्या पांचव्या आवृत्तींत प्रत्येक नव्या नगरानें साऱ्या राष्ट्राचा असंतोष वाढे; २०१३ च्या पुरवणीनंतर तर मध्यम आकाराच्या नकाशावर दर नगरामागें विद्यांची किंमत शेंकडा ५ नें चढे; आणि ‘परंपरा’ नांवाच्या धोरणानें पहिल्या चार नगरांस कांहीं इमारती विनामूल्य मिळत. म्हणून ‘चारच नगरें वसवा’ हें तेथील ब्रह्मवाक्य झालें. २०१६ च्या सहाव्या आवृत्तींत हीं बंधनें सैल झालीं, आणि पुनः ‘अधिक नगरें वसवा’ असा घोष सुरू झाला. पंचवीस वर्षांत ब्रह्मवाक्य तीनदां बदललें! बदललें तें वस्तुतः जमाखर्चांतील एक कलम होतें. ज्यानें तें कलम समजून घेतलें होतें, त्याला प्रत्येक नवी आवृत्ति म्हणजे नवें कोडें झाली. ज्यानें नुसता चार हा आंकडा घोकला होता, तो सहाव्या आवृत्तींत चार नगरें घेऊन बसला आणि आपण मागें कां पडतों याचा उलगडा त्याला होईना.

दुसरी गोष्ट अधिकारभेदाची. सहाव्या आवृत्तींत काठिण्याच्या आठ पायऱ्या आहेत. चौथी ‘प्रिन्स’, तीवर मनुष्य व संगणक यांची सामग्री समान. आठवी ‘डिइटी’, म्हणजे देवता. तीवर संगणकाच्या प्रत्येक राष्ट्रास आरंभींच तीन वसाहतकरी मिळतात व आपणांस एकच, शिवाय उत्पादनांतहि त्यांस मोठी सवलत असते. अशा विषम झुंजींत प्राचीन काळच्या अद्भुत वास्तूंच्या नादीं लागूं नका, प्रतिपक्षी त्या आधींच पुऱ्या करील, हा उपदेश रास्त आहे. परंतु ‘आठव्या पायरीवर’ हे दोन शब्द गाळून तो सर्वत्र फिरतो, आणि चौथ्या पायरीवर खेळणारा मुलगा पिरॅमिड बांधण्याची आपली हौस निष्कारण मारून टाकतो. पहिलवानाचा खुराक पाळण्यांतल्या पोरास घालण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

येथपर्यंत हानि केवळ करमणुकीची झाली. तिसरें उदाहरण मात्र अधिक गंभीर आहे. चौथ्या आवृत्तींतील सर्वांत प्रसिद्ध युक्ति अशी: ब्राँझची विद्या हातीं येतांच गुलामगिरी सुरू करा, कोठार बांधा आणि लोकसंख्या खर्चून कामें उरका. हिशेब साधा आहे. मध्यम गतीच्या डावांत नगराची लोकसंख्या तिनाची चार होण्यास २६ माप अन्न लागतें. कोठार असल्यास वाढ झाल्यावर निम्मा सांठा शिल्लक राहतो, म्हणून खर्चलेला एक भरून काढावयास नवें अन्न १३ मापच लागतें. उलट लोकसंख्येचा एक अंक खर्च केला कीं ३० माप काम तत्काळ पदरांत पडतें. तेरा माप धान्यांत तीस माप काम! दंड एवढाच कीं, त्या नगरांत दहा पाळ्यांपर्यंत एक माणूस असंतुष्ट राहतो.

हिशेब म्हणून यांत चूक काढतां येणार नाहीं. परंतु कागदावर तो कसा येतो? ‘चार झाले कीं एक खर्चा.’ चार काय आणि एक कोण, याचा पत्ता नाहीं. रचनाकारांनीं त्या व्यवस्थेचें नांव लपविलेलें नाहीं. पडद्यावर ती गुलामगिरी म्हणूनच येते. कारण विचारणाऱ्या मुलास हें नांव अडखळल्यावांचून राहणार नाहीं. मनुष्याचें मोल तीस माप आणि त्याच्याबद्दलचा रोष दहा पाळ्या, ही नोंद वाचून तो क्षणभर थबकेल; खऱ्या इतिहासांत हा रोष इतक्या लवकर विझला होता काय, असें घरांतील कोणास तरी विचारील. खेळांत कोणी खरोखर मरत नाहीं, हें आम्हीहि जाणतों. ती युक्ति कोणी योजूं नये, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. पण आपण काय करीत आहों हें जाणून ती योजणें आणि कलम सातवें म्हणून ती उरकणें, यांत अंतर आहे. पहिल्यानें मुलगा इतिहासाच्या दाराशीं येतो. दुसऱ्यानें त्याला माणसें खर्चीं टाकण्याची नुसती संवय लागते.

या खेळाची खतावणीहि कोणीतरी माणसांनींच मांडलेली आहे, हें विसरतां कामा नये. २०१८ च्या पुरवणींत कॅनडांतील क्री लोकांचा नेता पाउंडमेकर यास खेळांत स्थान मिळालें, तेव्हां त्याचेंच नांव धारण करणाऱ्या क्री समाजाच्या एका प्रमुखानें जाहीरपणें आक्षेप घेतला. भूमि जिंकावी व इतरांवर सत्ता गाजवावी, ही वसाहतवाल्यांची मूल्यें आमच्या लोकांचींहि होतीं असा खोटा समज यानें दृढ होतो, असा त्या आक्षेपाचा आशय होता. तो पुरा पटो वा न पटो, विचार करावयास लावणारा खास आहे. गुरुकिल्लीच्या वाचकास मात्र क्री लोकांविषयीं एकच जिज्ञासा: हें राष्ट्र घेतल्यानें फायदा कोणता?

शिवाय कारण न विचारतां घेण्याची एकदां संवय जडली कीं कोणतीहि वार्ता गिळली जाते. पहिल्या आवृत्तींतील महात्मा गांधी अणुबाँब टाकीत सुटत, याची एक चमत्कारिक उपपत्ति वर्षानुवर्षें सांगितली जात होती. गांधींच्या आक्रमकतेचा अंक एक होता. लोकशाही स्वीकारतांच त्यांतून दोन वजा होत. शून्याच्या खालीं जातां न आल्यामुळें तो उलटून २५५ होई, असें तें आख्यान. तें इतकें सुबक होतें कीं, पडताळण्याची गरज कोणास वाटली नाहीं. अखेर २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनांत मायर यांनीं असा दोष मुळीं नव्हताच, असें स्पष्ट केलें. पांचव्या आवृत्तींत गांधींना अण्वस्त्रांची ओढ दिली होती ती थट्टेखातर, मुद्दाम. म्हणजे आपल्याच देशांतील थोर पुरुषाविषयींची ही दंतकथा आपल्या घरांतील मुलेंहि शास्त्र म्हणून एकमेकांस सांगत होतीं!

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें पाहूं. बुद्धिबळांतहि आरंभींच्या चाली पाठ करतात, मग येथेंच दोष कां, असें विचारण्यांत येईल. उत्तर असें कीं, बुद्धिबळाचा पट चौसष्ट घरांचा व मोहरीं नेहमीं त्याच जागीं. येथें भूमि दर डावास पालटते. आणि बुद्धिबळांतहि चालीमागील हेतु न समजतां ती पाठ करणारा, प्रतिपक्ष्यानें वाट सोडतांच फसतो. दुसरा आक्षेप वेळेचा. प्रौढ माणसास तासन् तास प्रयोग करावयास सवड कोठून? त्याचा इलाज खेळांतच आहे. सहाव्या आवृत्तीचा नेहमींचा डाव ५०० पाळ्यांचा असला, तरी ३३० व २५० पाळ्यांचेहि प्रकार ठेवले आहेत. ज्याला वेळ थोडा त्यानें लहान डाव मांडावा. मोठा डाव दुसऱ्याच्या डोक्यानें खेळूं नये.

मग कोणी कोणास कांहीं सांगूंच नये काय? तसें नव्हे. नियम सांगणें ही विद्या आहे, आणि ती वडिलांनीं धाकट्यांस, जाणत्यांनीं नेणत्यांस अवश्य द्यावी. गोड्या पाण्याशेजारीं वसविलेल्या नगरास आरंभीं पांच वस्तींची सोय असते, समुद्रकांठीं तीन, दोहोंपासून दूर दोनच, आणि सोय संपत आली कीं वाढ मंदावते. एवढें सांगितलें कीं नगर कोठें वसवावें हें मुलगा स्वतः ठरवूं शकतो. रानटी टोळीचा टेहळ्या आपलें नगर पाहून तळावर परतला कीं धाड येते, म्हणून त्यास वाटेंतच गांठावा. हाहि उत्तम उपदेश, कारण त्यांत ‘म्हणून’ आहे. ज्या युक्तींत ‘म्हणून’ नाहीं ती कितीहि विजयदायी असली तरी टाकाऊ समजावी, अशी एक साधी कसोटी आम्ही सुचवितों. पालकांनींहि मुलास ‘जिंकलास काय?’ असें न विचारतां ‘आज काय सोडलेंस आणि कां?’ असें विचारावें. या प्रश्नाला उत्तर देतां येणारा मुलगा हरला तरी कांहीं कमावून उठला. उत्तर न देतां येणारा जिंकला असला, तरी तो विजय कागद लिहिणाराचा.

भाच्याचा कागद आम्हीं फाडला नाहीं. फक्त पालथा घातला, आणि त्याला बेट पाहावयास सांगितलें. हे दोघे पाण्यापलीकडे केव्हां जाऊं शकतील, असा प्रश्न त्यानें स्वतःच काढला, आणि थोड्या शोधानें जहाजबांधणीची विद्या येईपर्यंत तें शक्य नाहीं, हें त्याला आढळलें. पुढें काय शिकावयाचें हें मग त्याला कोणी सांगावें लागलें नाहीं. शेजारच्या राजानें तेवढ्यांत बरीच आघाडी मारली आहे आणि चिरंजीवांची बाजू, आम्हांस दिसतें तितपत, कमकुवत आहे. डाव अद्याप चालू आहे.