बँकेचे पत्र की ठकाचा गळ?

पेडणे तालुक्यात मोपा विमानतळासाठी आणि महामार्गाच्या रुंदीकरणासाठी जमिनी गेल्या. वाडवडिलांच्या भाटाचा, शेताचा मोबदला बँक खात्यांत आला. जमीन एकदाच जाते. तिचे पैसेही गेले तर घराच्या हाती काही उरत नाही. म्हणूनच बँकेच्या नावाने येणाऱ्या बनावट ई-मेलचा विषय आम्ही कोरगावच्या प्रत्येक घराचा मानतो.

हे ई-मेल ओळखता येतात. वर बँकेचे नाव आणि बोधचिन्ह असते, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘ॲट’ चिन्हानंतर भलतेच नाव दिसते. ‘केवायसी अपुरे आहे, आजच खाते बंद होईल’ अशी धमकी असते. मग दुवा उघडायला सांगून पासवर्ड, पिन किंवा ओटीपी मागतात. खरी बँक या गोष्टी ई-मेलने कधीच मागत नाही. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. तो पत्ता स्वतः टाईप करावा. ई-मेलमधील दुवा उघडू नये.

अडाणी माणसेच फसतात, हा समज खोटा आहे. अशाच ई-मेलला उत्तर दिल्यानंतर पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेले. २०१३ साली महाराष्ट्रात माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निकाल लागला. पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख भरपाई द्यावी, असा आदेश झाला. उत्तर दिल्याबद्दल नुकसानीचा वाटा कंपनीलाही उचलावा लागला. ग्राहकाने सावध राहावे आणि बँकेनेही हात झटकू नयेत, हाच याचा अर्थ.

आमची मागणी साधी आहे. ग्राहकांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१५च्या परिपत्रकातही बजावले होते. मग फसवणुकीचा इशारा मराठीत आणि कोकणीत का नको? आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांना इंग्रजी पत्र आले की ते सरकारीच वाटते, आणि ठक नेमका त्याचाच फायदा घेतात. बँकांच्या शाखांनी हे फलक दर्शनी भागात लावावेत. पंचायतीने त्यासाठी पाठपुरावा करावा.

आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. तत्काळ १९३० या क्रमांकावर व बँकेत कळवा. दडवलेल्या प्रत्येक तासाने पैसे आणखी दूर जातात.