अंतराची भूक

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावांत त्याच दिवशी वाघबारस असते. ज्याच्या धाकाने गुरं दिवेलागणीआधी गोठ्यात घ्यायची, त्याच वाघोबाला नैवेद्य दाखवायचा. धाक आणि मान एकाच मनात सांभाळणं किती अवघड, ते डिसेंबर २०२४मध्ये आपल्या जिल्ह्याला कळलं. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला. नकाशावर सरळ रेघ मारली तरी हे अंतर तीनशे किलोमीटर भरतं. शेतं, रस्ते, नद्या ओलांडत तो त्याहून कितीतरी जास्त चालला असणार. पोचला कुठे, तर जेमतेम २२ चौरस किलोमीटरच्या रानात. येडशी-बार्शी भागात जनावरं मारली गेली आणि ज्यांची गेली त्यांचा संताप रास्त होता. वाघाला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं ठरलं. पथकं आठवडेच्या आठवडे रानात राहिली, तो हुलकावण्या देत राहिला. पण त्या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट स्वच्छ होती: पकडायचं ते पुन्हा मोकळं सोडण्यासाठी.

मत्स्यालयासाठी मोठा शार्क धरतात तेव्हा सहसा सोडण्याचा हा हेतूच नसतो.

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाने २००४मध्ये पांढऱ्या शार्कची एक लहान मादी १९८ दिवस ठेवली. तिने टाकीतल्या दुसऱ्या शार्कना मारलं, मग तिला समुद्रात सोडलं. २०११पर्यंत असे सहा शार्क आणले गेले. शेवटचा सोडल्यावर लगेच मेला आणि तो प्रयोग थांबला. जपानमध्ये ओकिनावाच्या मत्स्यालयात २०१६मध्ये पांढरा शार्क तीन दिवसांत गेला. अटलांटाच्या जॉर्जिया मत्स्यालयात तैवानहून आणलेले दोन व्हेल शार्क २००७च्या एकाच वर्षात दगावले. ती टाकी दोन कोटी लिटरहून मोठी आहे, तिथे पैशाची किंवा डॉक्टरांची वाण नव्हती. पांढऱ्या शार्कला कल्ल्यांतून पाणी वाहतं राहावं म्हणून अखंड पोहावं लागतं. काटक म्हणून मत्स्यालयांत सर्रास ठेवल्या जाणाऱ्या सँड टायगर शार्कचाही कणा टाकीत वाकल्याच्या नोंदी आहेत. मासळी देता येते, औषध देता येतं. अंतर देता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावर मात्र वेगळं घडतं आहे. व्हेल शार्कला २००१पासून कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. तो जाळ्यात अडकला आणि कोळ्याने जाळं कापून सोडला, तर महाराष्ट्रात कोळ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं म्हणजे कोळ्याचं भांडवल, ते स्वतःच्या हाताने कापायचं! या माणसांविषयी आमच्या मनात अपार आदर आहे.

मोठे शार्क टाकीत नकोत, असं म्हणताना एक आक्षेप आम्हाला खरोखर अडवतो. समुद्र न पाहिलेली मुलं आपल्या तालुक्यांत आजही आहेत. १९५१पासून अनेक वर्षं मुंबईच्या सहलीत मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय पाहूनच गावोगावच्या मुलांना समुद्राखालचं जग थोडंफार कळलं. असं दार मुलांसाठी असूच नये, असं आम्ही म्हणणार नाही. बांबू शार्कसारख्या छोट्या, तळाशी पडून राहणाऱ्या जाती टाकीत तगतात, अंडीही घालतात. त्या जरूर ठेवाव्यात. खेकडे, प्रवाळ, कांदळवनातली माशांची पिल्लं दाखवावीत. पण मुंबईत नव्या, भव्य मत्स्यालयाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. ते उभं राहील तेव्हा त्याच्या आराखड्यात मोठ्या शार्कची टाकी असू नये, हे आम्ही या अंकातून स्पष्ट मागतो आहोत. तिकीट खपावं म्हणून तो मोह होणारच, म्हणून आत्ताच.

आणि आपल्या शाळांना एक विनंती. सहल किनाऱ्यालाच न्या. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव उभ्याने पाहता येतो. तिथे मुशी, म्हणजे छोटा शार्क, मुलांना हाताने चाचपता येईल, तिची खरखरीत कातडी, दातांच्या रांगा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसतात. खर्च मुंबईच्या सहलीहून फार वाढणार नाही. ज्या शाळा जातील, त्यांच्या मुलांनी लिहिलेलं पुढच्या अंकात आम्ही छापू.