यंत्र घेण्याआधी कापड बघा

"भिशीचे पैसे हाती आलेत. टी-शर्टवर, कपांवर नावं-फोटो छापून द्यायचा जोडधंदा करावा म्हणते. यंत्र कोणतं घेऊ?" असे एका भगिनीने विचारले आहे. वाचून मला माझी धाकटी जाऊच आठवली.

तिनेही भिशीच्याच पैशांतून सब्लिमेशनचा प्रिंटर आणि हीट प्रेस घेतला. पहिले कप सुरेख उतरले, घरभर कौतुक झाले. मग गल्लीतल्या गणेश मंडळाने चाळीस टी-शर्ट सांगितले. काळे आणि सुती! गणपती आठ दिवसांवर. पहिलाच शर्ट छापला तर गणपतीबाप्पा दिसेचनात. विकणाऱ्याने तर 'सगळ्यावर छापता येतं' असे छातीठोक सांगितले होते. शेवटी बाहेरून घाईचे पैसे मोजून काम करून घेतले. नफा दूरच, पदरचे गेले.

दोष तिच्या हाताचा नव्हता. सब्लिमेशनची शाई दाबाखाली साधारण २०० अंशांपर्यंत तापवली की तिची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात मुरते. तिथे ती पक्की बसते, हाताला लागतसुद्धा नाही. सुती कापडात मात्र टिकत नाही, धुण्यात जाते. शिवाय या शाईत पांढरा रंग नसतो, म्हणून गडद कापडावर चित्र उठत नाही. कपही खास लेप दिलेलेच लागतात. फडताळातला चहाचा कप चालायचा नाही.

म्हणून आधी आपल्याकडे गिऱ्हाईक काय मागेल ते बघा. संक्रांतीच्या वाणाचे कप, वाढदिवसाच्या उशा, पांढऱ्या पॉलिस्टरच्या जर्सी असतील तर सब्लिमेशन उत्तम. एकाच चित्राचे शंभर-दोनशे सुती शर्ट असतील तर जुने स्क्रीन प्रिंटिंगच स्वस्त पडते. मात्र त्यात प्रत्येक रंगाला वेगळी चौकट बनवावी लागते, म्हणून दहा शर्टांसाठी ते परवडत नाही. जर्सीवर नुसते नाव नि नंबर हवा असेल तर कापलेले व्हिनाइल चिकटवून भागते.

आणि सुती, गडद, थोडे नग, रंगीत फोटो? त्याला हल्ली डीटीएफ आहे. चित्र फिल्मवर छापतात, मागे पांढरी शाई आणि चिकट पावडर असते, मग ते गरम दाबून कापडावर उतरवतात. पण हा प्रिंटर घरी आणण्याची घाई नको, बरं का! पांढरी शाई तळाशी बसते; यंत्र रोज चालवले नाही तर हेड तुंबते, आणि हेड महाग असते. महिन्याला चार ऑर्डरी असणाऱ्या बाईने हे दुखणे कशाला घ्यायचे? छापलेली फिल्म मीटरवर विकत मिळते. ती आणावी आणि घरच्या हीट प्रेसवर दाबावी. जाऊ आता हेच करते. प्रिंटर कप-उशांना, सुती शर्टांना बाहेरची फिल्म.

कापड सुती की पॉलिस्टर हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. कापडाचाच एक धागा काढा (शिलाईचा दोरा नको, तो बहुधा पॉलिस्टरचा असतो), चिमट्यात धरून मोरीत पेटवा. सुती धाग्याची मऊ राख होते. पॉलिस्टर आक्रसून वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो.

हीट प्रेस वीज बरीच ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग वायरमनकडून बसवून घ्या; फ्रिजच्या प्लगला जोडपट्टी लावून चालवू नका. पैसे गुंतवण्याआधी नमुन्याचा एक शर्ट विकत आणून घरी पाच वेळा धुवा. आणि गिऱ्हाइकाला देताना चिठ्ठी घाला: शर्ट उलटा करून धुवावा, छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये. जाऊचे निम्मे तंटे त्या चिठ्ठीने मिटले.