लॅबमधलं ‘फेस अनलॉक’: अँटीबॉडी नेमकी कोणाला पकडते?

तुमच्या जुळ्या भावाने तुमचा फोन हातात घेतला आणि तो उघडला तर? ॲपल स्वतःच सांगते, की अनोळखी माणसाकडून फेस आयडी उघडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी आहे, पण जुळ्यांच्या बाबतीत ती वाढते. मेंदूच्या संशोधनात सध्या असाच घोळ निस्तरणं चालू आहे. तिथे चेहरा ओळखायचं काम अँटीबॉडीकडे आहे.

अँटीबॉडी लॅबमध्ये कशाला?

पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं असतात. त्यातलं हवं तेच शोधायला त्याला चिकटणारी अँटीबॉडी वापरतात आणि तिला रंग किंवा चमक जोडतात. २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ किट आलं होतं, आठवतंय? त्यातली रेघ अशाच अँटीबॉडीमुळे उमटायची.

आता गाबारॅप हे प्रथिन घ्या. गाबा हे मेंदूला ‘जरा शांत हो’ असं सांगणारं रसायन. ते ज्या रिसेप्टरवर बसतं, त्याच्याशी जोडलेलं प्रथिन म्हणून १९९९ मध्ये गाबारॅपची ओळख झाली. पुढे कळलं, की पेशीतला कचरा साफ करण्यातही त्याचा हात आहे. ते अगदी छोटं आहे, फक्त ११७ अमिनो आम्लांचं. अडचण अशी, की त्याचं भावंड गाबारॅप-एल-१ हेही ११७ चंच आणि बरंचसं हुबेहूब. अँटीबॉडी भावंडालाच चिकटली, तर फोटो सुंदर येतो, पण निष्कर्ष चुकतो.

६१४ अँटीबॉडींची परीक्षा

वायचारोस या गटाने २०२३ मध्ये ‘ई-लाइफ’ या नियतकालिकात एक मोठी तपासणी प्रसिद्ध केली. मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनं आणि त्यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटीबॉडी. पद्धत सोपी: क्रिस्परने पेशीतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकायचं. तरीही अँटीबॉडीने ‘सापडलं’ म्हटलं, तर ती दुसऱ्याच कोणाला तरी पकडतेय. अशा पेशींना नॉकआउट म्हणतात.

मी खराडीत राहतो. इथे इऑन आयटी पार्कमध्ये टेस्टिंग करणाऱ्या कोणालाही हे लगेच पटेल. बरोबर पासवर्डने लॉगिन झालं एवढं पुरत नाही, चुकीच्या पासवर्डने ते *होत नाही* हेही तपासावं लागतं. नॉकआउट म्हणजे तेच.

निकाल काय? प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ शोधनिबंध असे निघाले, ज्यांत वापरलेली अँटीबॉडी ते प्रथिन ओळखतच नव्हती.

मग सगळंच खोटं?

नाही. बऱ्याच प्रथिनांसाठी किमान एक चांगली अँटीबॉडी सापडली. रिकॉम्बिनंट, म्हणजे ठरलेल्या डीएनए कोडवरून बनवलेल्या अँटीबॉडी सर्वांत सरस ठरल्या. प्राण्याच्या रक्तातून काढलेली अँटीबॉडी प्राणी बदलला की बदलते. कोड हाताशी असेल तर तीच वस्तू पुन्हा बनवता येते. विशेष म्हणजे कंपन्यांनीही तपासणीला साथ दिली. अपेक्षेला न उतरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के अँटीबॉडी त्यांनी विक्रीतून काढल्या आणि सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या.

आपल्याला काय त्याचं?

माझ्या मते, प्रश्न पैशांचा आणि वेळेचा आहे. सरकारी संशोधनाचा पैसा आपल्याच करातून जातो. चुकीच्या बाटलीवर एखाद्या पीएचडीची दोन वर्षं गेली, तर त्याची बातमी होत नाही. म्हणून लॅबला अनुदान देताना नॉकआउट तपासणीचा खर्च वेगळा धरायला हवा. तपासणीत नापास झालेली अँटीबॉडीही सगळ्यांना कळायला हवी.

आणि ‘मेंदूतलं अमुक प्रथिन वाढल्याने तमुक आजार’ अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी मूळ शोधनिबंध उघडा. दोन गोष्टी शोधा: अँटीबॉडीचा कॅटलॉग क्रमांक आणि ‘नॉकआउट’ हा शब्द. दोन्ही दिसले नाहीत म्हणजे शोध खोटा, असं नाही. पण त्यावर शिक्का मारायची घाईही करू नका.