बंदराच्या जमिनीवरील भाडेपट्ट्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री,
बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : मुंबई बंदराच्या जमिनीवरील भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण, भाडेआकारणी व निष्कासन यांचे नियम स्पष्ट करणेबाबत.

महोदय,

शिवडी, दारूखाना, रे रोड ते कुलाबा या पट्ट्यात बंदराच्या जमिनीवर आम्ही राहतो, वखारी आणि गाळे चालवतो. 2021 च्या कायद्याने पोर्ट ट्रस्टचे प्राधिकरण झाले. आमच्या तोंडी मात्र अजून ‘बीपीटी’ (बॉम्बे पोर्ट ट्रस्ट) हेच नाव आहे.

सार्वजनिक मालकीची जागा म्हणून राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आम्हाला नाही. बंदराला मिळालेल्या या सवलतीबरोबर त्याच्यावर जबाबदारीही येते, घरमालक म्हणूनही त्याने वाजवीपणे व लोकहिताने वागले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने द्वारकादास मर्फतिया प्रकरणात 1989 साली बजावले. जमशेद वाडिया प्रकरणाच्या 2004 च्या निकालात भाडेवाढीला वाव ठेवला, पण नफ्याला हपापलेल्या मालकासारखे वागण्यास नाही. भाडेवाढच नको, असे आम्हीही म्हणत नाही. ती कशावर बेतली, हे आधी कळावे.

2014 च्या जमीन धोरणात बाजारभावासाठी रेडी रेकनर, आसपासचे व्यवहार, निविदांतील दर, मूल्यांककाचा अहवाल असे निकष असून साधारणतः सर्वांत चढा आकडा धरला जातो. या धोरणातून मुंबईची टाउनशिपची जमीन मात्र वगळली आहे. त्यामुळे आपल्या जागेला नेमका कोणता नियम, हे भाडेकरूला वकिलाशिवाय उमगत नाही.

सर्वांत बोचते ते निष्कासन. सार्वजनिक जागांच्या 1971 च्या कायद्याखाली निष्कासनाचा आदेश देणारा इस्टेट ऑफिसर बंदराचाच अधिकारी असू शकतो. म्हणजे तक्रार मालकाची आणि सुनावणीही मालकाच्याच माणसापुढे! दिवाणी दाव्याची वाट बंद. अपिलाला मुदत अवघी 12 दिवसांची. पट्टा संपला आणि नूतनीकरण झाले नाही, की पिढ्यान्‌पिढ्यांचा भाडेकरू कागदोपत्री ‘अनधिकृत’ ठरतो.

म्हणून इस्टेट ऑफिसर बंदराच्या सेवेबाहेरचा, शक्यतो निवृत्त न्यायाधीश असावा. नूतनीकरणाच्या अर्जावर ठरावीक मुदतीत लेखी, सकारण निर्णय मिळावा. दर लागू करण्यापूर्वी त्याचा हिशेब जाहीर व्हावा, हरकती ऐकाव्यात, आणि राहत्या घराला व्यापारी गाळ्याचा दर लावू नये. नोटिसा मराठीतही द्याव्यात.

हे नियम होईपर्यंत, ज्यांचे नूतनीकरणाचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांच्यावरील निष्कासनाची कारवाई स्थगित ठेवावी व आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
मुंबई बंदराच्या जमिनीवरील भाडेकरू व रहिवासी