द्राक्षे कोणाची, बाटली कोणाची?

जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचे राज्य मंत्रिमंडळाने ठरवले. कारण दिले शेतकऱ्याच्या भल्याचे. सोनईच्या आमच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "कोणत्या शेतकऱ्याच्या?" मी निरुत्तर झाले. नाशिककडे वाईनसाठी शिराझ, शेनिन ब्लाँ अशा मूळ फ्रेंच जाती लावतात. बहुतेक बागा मात्र खाण्याच्या द्राक्षांच्या. आणि विरळणी करणाऱ्या, घड तोडणाऱ्या मजूर बायांच्या नावावर ना बाग, ना सातबारा.

आमच्या ऊसपट्ट्यातली बाटली मळीच्या दारूची. तिचा मार बायांच्या पाठीवर उमटतो. वाईन सौम्य असेलही. पण मैत्रिणींनो, दुकान बंद करायला निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांची 'आडवी बाटली' लागते. हा निर्णय घेताना आपल्यापैकी किती जणींना विचारले?